धाटाचं रुखवत

आमच्या घरात दोन सुना. थोरली कडूबाई, धाकटी मी, सिंधू. देवानं वाटप करताना हात सगळे तिच्या पदरात टाकले आणि जीभ सगळी माझ्या. मला दाव्याची गाठसुद्धा धड मारता येत नाही. आणि अक्का (मी तिला अक्काच म्हणते) ज्वारीचं वाळलेलं धाट उचलते, नखानं त्याची साल सोलते, आतला पांढरा मऊ गाभा बाहेर काढते, आणि तुमचा चहा संपायच्या आत तिच्या मांडीवर एक बैल उभा असतो. तोही कुठला ऐरागैरा नाही. एक शिंग वर, एक शिंग खाली वाकलेलं, वशिंड जरा डावीकडं कललेलं. गावातलं शेंबडं पोरही सांगेल, हा कडूबाईच्या गोठ्यातला कोसा.

हे बैल, या गाड्या, विहिरी, सगळं रुखवतासाठी. रुखवत काय सगळ्याच लग्नांत मांडतात. हल्ली केजच्या बाजारात तयारही मिळतं, थर्माकोलचा बंगला नि प्लास्टिकची फुलं. आमच्या घरचं रुखवत मात्र धाटाचं, आणि त्यात व्याह्यांची टर उडवणारी एक तरी वस्तू हवीच. अक्काचं डोकं त्यात असं चालायचं की विचारू नका. एका लग्नात तिनं तराजू केला होता. एका पारड्यात सून, तिची चूल, धुणं, पाण्याचे हंडे असं सगळं रचलेलं, दुसऱ्यात नुसती सासूची जीभ, आणि पारडं जिभेचंच खाली. दुसऱ्या एका लग्नात एसटी केली. दारात लोंबकळणारा कंडक्टर, आणि नवरदेव टपावर पेटीला धरून बसलेला, कारण आतल्या सगळ्या जागा त्याच्या आत्या-मावश्यांनी रुमाल टाकून धरलेल्या. माणसं पंगत सोडून बघायला उठायची.

हे सगळं तिला शिकवलं आमच्या सासूबाईंनी. त्यांचं नाव बायनाबाई, आम्ही आत्याबाई म्हणतो. मोतीबिंदूनं त्यांची नजर गेली, ऑपरेशन करू करू म्हणता राहून गेलं. तरी अक्काची वस्तू तयार झाली की आधी त्यांच्या हातात जायची. त्या बोटांनी चाचपायच्या. बैलाचे खूर, गाडीच्या चाकाचे आरे, व्याह्याच्या पागोट्याचा पीळसुद्धा. धाटाला धाटच जोडायचं, सालीची काडी गाभ्यात खुपसून. फार तर बाभळीचा डिंक, रंगाला हळद नि गेरू. लोखंड लावायचं नाही, हा त्यांचा नियम. त्याला कारण होतं. आमच्या घरची लेक सासरी गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी रुखवतातली बैलगाडी सासरच्या बैलांना आपल्या हातानं चारते.

"मान्सं वळखायला वर्सं लागत्यात," आत्याबाई म्हणायच्या. "जनावरानं तरी पयल्या दिवशी वळखावं."

मग महिना-दोन महिन्यांत बाकीचं रुखवतही हळूहळू गव्हाणीत जातं. मांडायचं, हसायचं आणि शेवटी मुक्या जनावराच्या तोंडी घालायचं. घरात धूळ खात ठेवलेलं रुखवत आत्याबाईंना अपशकुनी वाटायचं.

आता सहकाराचं सांगते. आमच्याकडं सहकार म्हणजे पुरुषांचा खेळ. साखर कारखाना, दूध संघ, सोसायटी, आणि सगळ्यांवर मिळून एक चेअरमन, आबासाहेब. त्यांच्या मंडळींनी, सरस्वतीताईंनी, बायकांची हस्तकलेची एक सहकारी संस्था काढली. बाई मनानं चांगली, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं तुम्ही तिच्यावर खापर फोडाल. अक्काच्या वस्तू तिनं पुण्याच्या प्रदर्शनात नेल्या. शहरातली माणसं उचलून उचलून बघायची, हसायची, विकतही घ्यायची, आणि घरी पोचेपर्यंत निम्म्या बैलांच्या माना गळून पडायच्या. सरस्वतीताई परत आल्या त्या टाचण्यांचे डबे घेऊन.

"कडूबाई, आता ही भेटवस्तू झाली," त्या म्हणाल्या. "लोक वाढदिवसाला देतात, शोकेसमध्ये ठेवतात. टिकायला नको का? मान, पाय, चाक, जिथं जोड तिथं टाचणी घालत जा."

अक्का आधी नको म्हणाली. पण शेजारच्या छबुबाईनं घातल्या, मग गल्लीतल्या सगळ्याच बायकांनी घातल्या. त्यांचे बैल पुण्याला ताठ मानेनं पोचले आणि अक्काचे मोडून परत आले. ज्यांना अक्कानं बैल करायला शिकवलं, त्याच तिला "घाल गं, काई हुत न्हाई," म्हणू लागल्या. शेवटी तिनंही डबा उघडला.

पण आत्याबाईंना सांगायचं कुणी? अक्कानं एक युक्ती काढली. टाचणी मुळापर्यंत दाबायची, वर गाभ्याचा भुगा डिंकात कालवून लिंपायचा आणि वाळला की नखानं घासून सारखा करायचा. आत्याबाईंची बोटं त्यावरून जायची आणि पुढं सरकायची. मी बघत बसायचे. एकदा न राहवून म्हणाले, "अक्का, सांगून टाक की. सासू हाय, वाघ न्हाई."

"त्येंच्या जिवाला लागंल गं," अक्का म्हणाली. "डोळे गेले. आता ह्ये येवढंच ऱ्हायलंय त्येंच्याकडं."

जाईचं, म्हणजे अक्काच्या लेकीचं, लग्न उमापूरला ठरलं त्या वर्षी ज्वारी जोरात आली होती. आमच्या नशिबातली ती शेवटची. माणूस उभा बुडेल अशी उंच, अंगठ्याएवढी जाड धाटं. अक्कानं त्यातली निवडून काढली आणि लेकीचं रुखवत करायला बसली. तिनं अख्खं एक गाव उभं केलं. पार केला, पारावर चष्मा लावून पेपर वाचणारा वळू. शाळा केली, बाकांवर शेळ्या आणि फळ्यासमोर छडी घेतलेला कोंबडा मास्तर. ग्रामपंचायत केली, तिथं खुर्चीवर कुणीच नाही आणि खुर्चीखाली सगळे. आणि मधोमध मोठी बैलगाडी. गाडीत लोडाला टेकून पाय पसरून बसलेला कोसा, आणि जुवाला जुंपलेले व्याही नि विहीणबाई. मंडपात म्हणायला तिनं ओळीही जुळवल्या होत्या:

गाडीत बसला कोसा, जू वढतो व्याही,
इहीण म्हनती उतर बाबा, कोसा म्हनतो न्हाई!

मी हसून हसून आडवी झाले. आत्याबाईंनी गाडी मांडीवर घेऊन चाचपली. कोशाचं वाकडं शिंग बोटाला लागलं तेव्हा त्यांनाही हसू आवरेना.

या रुखवतातही टाचण्या होत्या. उमापूरपर्यंत टेंपोनं जायचं, त्यात रस्त्याची ही बोंब. शिवाय लग्नाआधी एकदा प्रदर्शनात मांडू, असा सरस्वतीताईंचा हट्ट. अक्कानं बैलांना चारायला म्हणून एक लहानगी गाडी वेगळी केली, बिनटाचणीची. जाईला बजावून ठेवलं, "येवढीच चारायची. बाकीचं कपाटात ठिवा म्हनावं." इतका विचार तिनं केला होता. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं लोकांनी तिला बेफिकीर ठरवलं.

मग पाऊस गेला तो गेलाच. एक साल गेलं, दुसरंही कोरडं गेलं. लग्न पुढं ढकललं, परत ढकललं. उमापूरचे पाहुणे माणुसकीचे, पण त्यांच्याही विहिरीत दगडच. मांजरा धरणाच्या पोटात पोरं क्रिकेट खेळायला लागली. माझे मालक टोळीबरोबर ऊस तोडायला गेले ते उन्हाळा लागला तरी तिकडंच. जाईला मामाकडं धाडलं, तिथल्या बोअरला निदान घोटभर पाणी होतं. आमच्या गावात टँकर यायचा, तो माणसांपुरता. जनावरांसाठी चारा छावणी निघणार होती. आबासाहेबांच्या सोसायटीनंच ती चालवायची होती, प्रस्ताव वर गेला होता आणि तो खाली यायची वाट बघणं चाललं होतं. आमच्याकडं पाऊस आणि प्रस्ताव, दोन्हींसाठी मान वर करूनच बसावं लागतं.

गावानं जनावरं बाजार दाखवून मोकळी केली. कोशाच्या जोडीचा बैलही गेला. कोसा मात्र अक्काचे मालक, आश्रुबा भावजी, विकेनात. विकणार कसे? कोशाची आई त्याला जन्म देऊनच मेली, तेव्हा अक्का घरात नवी नवरी होती. दुधात बोट बुडवून बुडवून तिनं तो जगवला. जाईच्या आधीचं हे तुझं थोरलं, असं आम्ही तिला चिडवायचो आणि ती चिडायची नाही. छावणी निघेपर्यंत कोसा जगवायचा, एवढं एकच काम त्या उन्हाळ्यात आमच्या घराला उरलं. कडब्याची गंजी संपली. छपराचं पाचट उपसून घातलं. चिंचेचा पाला झाला, बाभळीच्या शेंगा झाल्या. कोशाच्या फासळ्यांमध्ये बोट रुतावं अशी त्याची गत झाली, आणि दिवसभर तो घराकडं तोंड करून हंबरायचा.

घरात धाट उरलं नव्हतं. म्हणजे एका ठिकाणी होतं, आतल्या खोलीतल्या फळीवर, जुन्या लुगड्याखाली झाकलेलं. पण ते चाऱ्यात धरायचं आमच्या मनातसुद्धा आलं नाही. आत काय आहे ते आम्हाला ठाऊक होतं, आमच्या लेखी ते लोखंडच. आत्याबाईंच्या लेखी ते धाट होतं.

एका सोमवारी छावणी मागायला सारं गाव केजला तहसीलवर गेलं. आश्रुबा भावजी, अक्का, मी, सगळे जीपमध्ये कोंबून. आत्याबाई एकट्या घरी. आम्ही उन्हात बसलो, घोषणा दिल्या, नरडी सुकवली. आबासाहेब आले, हात जोडले, "आता झालंच समजा," म्हणाले. दिवस कलायच्या आत परत आलो तर आत्याबाई उंबऱ्यात बसलेल्या. लुगड्याचा सोगा भिजलेला आणि तोंडभर हसू.

"कोसा जेवला गं," त्या म्हणाल्या. "पोट भरून जेवला माजा राजा."

अक्का दारातच थांबली. "काय जेवला?"

"लई हंबरत हुता. माझ्यानं ऐकवंना. म्हनलं, घरात येवढं धाट असून जनावर उपाशी मारायचं व्हय? जाईचं लगीन व्हईल तवा कर की तू दुसरं. म्या चाचपत फळीवरून काडलं, जोड तसेच ठिवून मदीमदी बारीक मोडलं, माझ्या वाटणीच्या पाण्यात मीठ टाकून भिजवलं नि घातलं. गाडी समद्यात शेवटी घातली. त्याचीच गाडी त्याला."

अक्का आत धावली. फळी रिकामी होती, लुगड्याची नीट घडी घालून ठेवलेली. मग ती गोठ्यात गेली, मागोमाग मी. बादलीच्या तळाशी गढूळ पाणी उरलं होतं. अक्कानं त्यात हात घातला आणि हाताला लागल्या तेवढ्या टाचण्या बाहेर काढल्या. गव्हाण चाळली, तिथं आणखी चार-दोन निघाल्या. घातल्या होत्या त्या मानानं हे काहीच नव्हतं. बाकीच्या कुठं गेल्या हे आम्हा दोघींना कळत होतं. कोसा डोळे अर्धे मिटून रवंथ करत उभा होता. कितीक दिवसांनी त्याचा जबडा असा संथ हलताना दिसला. मला आनंद झाला आणि भीतीही वाटली, दोन्ही एकदमच.

मी तोंड उघडलं. माझं ते उघडंच असतं. अक्कानं ओला हात माझ्या तोंडावर ठेवला.

"न्हाई सिंधू. आत्याबाईला न्हाई सांगायचं. कदाचित काई व्हनार न्हाई."

भावजींना मात्र सांगितलं. त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला, झटकला, परत बांधला. "टाचनीच हाय," ते म्हणाले. "शेनावाटं जाईल." हे त्यांनी आम्हाला सांगितलं की स्वतःला, कोण जाणे.

त्यानंतर अक्का रोज सकाळी कोशाचं शेण हातानं चिवडायची. कधी एखादी टाचणी सापडायची, तेव्हा तिचा चेहरा असा उजळायचा की बघवायचा नाही. आणि कोसा खरंच तरतरीत दिसायला लागला. कान हलवू लागला, भावजींना बघून पुढं येऊ लागला. आत्याबाईंना तर नवा जोम आला. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायच्या, "तुमचे तहसीलदार काय करत्यात ते बगा. म्या आंधळीनं माझा बैल जगवला." माणसं वाहवा करायची. त्या दिवसांत आत्याबाई दोन्ही वेळ जेवल्या, ओव्या म्हणाल्या, माझी खोडी काढली. अक्का त्यांच्या पुढ्यात भाकरी वाढायची आणि मान खाली घालून उठायची.

मग एके सकाळी कोसा बसेना. पुढचे पाय फाकवून, पाठीची कमान करून उभाच. पाऊल टाकलं की कण्हायचा. रवंथ बंद पडला. भावजी केजला जाऊन जनावरांच्या डॉक्टरला मोटारसायकलवर घेऊन आले. डॉक्टरनं वशिंडामागची कातडी चिमटीत धरून दाबली, कोसा वेदनेनं हुंकारला.

"लोखंड गेलंय पोटात," डॉक्टर म्हणाले. "काय खाल्लं यानं?"

"रुखवत," अक्का म्हणाली.

भावजींनी त्यांना टाचण्यांचं सांगितलं. मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. टाचणी पोटाचा पडदा भोकसून काळजाकडं सरकली आहे. ऑपरेशन परभणीला होतं, पण असला खंगलेला बैल टेंपोत तिथवर उभा राहायचा नाही. त्यांनी इंजेक्शन दिलं, कारण आलंय म्हटल्यावर काहीतरी द्यावं लागतं. भावजींनी दबक्या आवाजात विनवलं, "आमच्या म्हातारीनं इचारलं तर वय झालंय म्हना." डॉक्टर भला माणूस. जाताना उंबऱ्यापाशी थांबून तेवढं बोलून गेला.

त्याच आठवड्यात छावणी निघाली. माळावर मांडव पडले, भोंगा लागला, आबासाहेबांनी नारळ फोडला. गावातली उरलीसुरली जनावरं माळाकडं निघाली, गल्लीत धूळ आणि घुंगरांचा आवाज. आमच्या कोशाला गोठ्याच्या दारापर्यंत यायचीही ताकद नव्हती. भावजी छावणीत जाऊन पाया पडले आणि खांद्यावर उसाचं वाढं घेऊन आले. हिरवंगार, रसरशीत. दोन वर्षांत असला हिरवा रंग आमच्या गोठ्यानं बघितला नव्हता. कोशानं ते हुंगलं आणि तोंड बाजूला केलं. अक्कानं पात्याचे बारीक तुकडे केले, बोटानं त्याच्या ओठांत सारले. ते ओठांतून तसेच खाली पडले. ती पुन्हा सारायची, ते पुन्हा पडायचे. मी म्हणाले, "पुरे अक्का." तिनं ऐकलं नाही.

दुपारी तो खाली कोसळला तो उठला नाही. त्याचं डोकं अक्काच्या मांडीवर होतं. अक्का रडली नाही, तिच्या वाटचं मीच रडले, गल्ली गोळा होईपर्यंत. मला सगळ्यांचा संताप आला होता. पावसाचा, छावणीचा, पुण्यातल्या त्या शोकेसांचा. आणि सगळ्यात जास्त या गोष्टीचा, की ज्याच्यावर संतापावं असा धड एकही माणूस समोर सापडत नव्हता.

घरचा बैल गेला की आमच्याकडं शेजारणी येऊन बसतात. चहापाणी नाही, फार बोलायचं नाही, नुसतं बसायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी बायका ओसरीवर येऊन बसल्या. आत्याबाई मधे. त्यांचे डोळे कोरडे होते, पण आवाजात एक समाधान होतं, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

"वय झालतं त्याचं," त्या सांगत होत्या. "पर उपाशी न्हाई गेला. माझ्या हातचं पोटभर खाऊन गेला. आणखी काय पायजे जनावराला?"

छबुबाई कोपऱ्यातून म्हणाली, "तुमचा तरी खाऊन गेला, बायनामाय. माझी कालवड हाय, छावनीवाले म्हनत्यात जागा न्हाई. कालपासून निसती माती चाटायलीय."

आत्याबाईंनी आवाजाच्या दिशेनं हात पुढं केला आणि छबुबाईचा हात धरला. "येडे, तुझ्या घरात रुखवत पडलंय की. संस्थेचं राहिलेलं. त्ये कशाला ठिवतीस? मोड, मिठाच्या पान्यात भिजव आन् घाल. बग कशी गोड मानून खाती."

छबुबाईच्या डोळ्यांत आशा आली. "व्हय की," ती म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठू लागली. तिच्या बैलांतही टाचण्या होत्या. तिनं स्वतःच घातलेल्या. पण कोसा कशानं गेला हे तिला ठाऊक नव्हतं आणि भुकेल्या कालवडीपुढं कुणाला टाचण्या आठवतात?

मी अक्काकडं बघितलं. आता गप्प बसलं तर दुसऱ्याचं जनावर जाणार, आणि बोललं तर म्हातारीचं उरलंसुरलं सगळं जाणार. एरवी न विचारता बोलणारी माझी जीभ त्या वेळी टाळ्याला चिकटली. अक्का बोलली.

"छबे, घालू नगं. कोसा टाचण्यांनी मेला."

आत्याबाईंनी मान वाकडी करून कान दिला. "कसल्या टाचण्या?"

"रुखवतातल्या, आत्याबाई. जाईच्या रुखवतात म्या टाचण्या घातलत्या. समद्या जोडांत. तुमाला कळू दिलं न्हाई."

आत्याबाईंचा चेहरा आधी कोराच राहिला. मग हळूहळू एकेक गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचत गेली असावी. त्यांनी आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले.

"म्हंजी म्या मारला."

"न्हाई. म्या मारला. म्या लपवलं."

"घातलं कुनी? म्या घातलं. माझ्या पान्यात भिजवून घातलं. शेवटचा तुकडा त्यो घेईना, तर म्या चुचकारून घातला."

"तुमाला ठावं नव्हतं!"

"इचारलं का म्या कुनाला?"

आमच्या घरात भांडणं पुष्कळ झाली, त्यातली निम्मी माझ्यामुळं. पण दोष आपल्याकडं ओढून घ्यायला दोघी अशा झोंबताना मी कधी बघितल्या नव्हत्या. भावजी अंगणात होते, ते तसेच उठून रानाकडं निघून गेले. तिथं करण्यासारखं काही नव्हतं, तरी गेले.

अखेर आत्याबाईंचा आवाज बसला. त्या म्हणाल्या, "दाव मला. कुठं घालतीस त्ये दाव."

आमच्या घरात दाखवायला काहीच उरलं नव्हतं. छबुबाई घरी गेली आणि तिच्याकडचा एक मोर घेऊन आली. तो अक्कानंच संस्थेसाठी केलेला, पिसारा फुलवून छत्रीसारखा डोक्यावर धरलेला. पूर्वी त्याला बघून हसू यायचं. अक्का आत्याबाईंच्या पुढ्यात बसली, त्यांचं बोट हातात घेतलं आणि मोराच्या मानेच्या जोडावर टेकवलं.

"हितं हाय."

आत्याबाईंनी बोट फिरवलं. परत फिरवलं. दुसऱ्या हाताचं बोट लावून बघितलं, अंगठा लावला. मानेवरून पाठीवर, पाठीवरून पायांवर, आणि परत मानेवर. त्यांच्या भुवया आकसल्या होत्या. अक्का बोट धरून पुन्हापुन्हा त्याच जागी नेत होती.

"हितं?"

"व्हय. तुमच्या बोटाखालीच हाय."

"काईच लागंना गं."

अक्कानं नखानं वरचा भुगा खरवडला तेव्हा कुठं टाचणीचं डोकं उघडं पडलं. आत्याबाईंनी त्यावर बोट ठेवलं आणि तसंच ठेवलं.

"लई सफाई हाय तुझ्या हाताला," त्या म्हणाल्या. "मला बी आली नसती."

नांदायला आल्यापासून आत्याबाईंनी अक्काच्या कामाला कधी बरं म्हटलं नव्हतं. हे कर, ते नीट कर, एवढंच. हे एक वाक्य ऐकायला अक्कानं अख्खी उमर घातली होती, आणि ते तिला आता मिळालं. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. अक्काचा धीर तिथं सुटला. तोंडात पदर कोंबून ती अशी रडली की छबुबाईनं तिला मागून कवेत धरलं.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले, मोर उचलला आणि छबुबाईच्या हातात दिला.

"चुलीत घाल," ती म्हणाली. "आन् राख चाळून टाचण्या काडून घे, मगच टाक. बकऱ्या तोंड लावत्यात."